बेटा माशाच्या टँकसाठी घेतलेला छोटा सायफन, सहा महिने वापरून झाल्यावर

सहा महिने झाले हा सायफन वापरतेय, दर आठवड्याला एकदा, म्हणजे वीस-पंचवीस वेळा तरी हातात घेतलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधी वस्तू काय आहे ते सांगते, टँकमधलं पाणी आणि तळाचा गाळ ओढून काढायची नळी. एका टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचं तोंड, साधारण अडीच सेंटीमीटर रुंद, मधे दाबायचा रबरी फुगा, आणि पुढे दीड मीटरची बारीक नळी. बस, मोटर नाही, बॅटरी नाही, काही नाही. वीस लिटरचा टँक आहे माझा, त्यात एकटा निळू राहतो, लांब शेपटीचा नर बेटा मासा, आपण सगळे फायटर म्हणतो तोच. हा रिव्ह्यू तेवढ्याच मापाचा धरा, शंभर लिटरच्या टँकला हा पुरणार नाही.

सायफन यायच्या आधी मी पाणी कसं बदलायचे ते सांगितल्याशिवाय याचं मोल कळणार नाही. निळू सुरुवातीला काचेच्या छोट्या भांड्यात, म्हणजे बोलमधे होता. दर रविवारी जाळीने त्याला उचलायचं, मगमधे ठेवायचं, बोल पूर्ण रिकामा करायचा, खडे नळाखाली चोळून चोळून धुवायचे, काच घासायची, नवीन पाणी भरायचं आणि त्याला परत सोडायचं. बोल असा लख्ख दिसायचा की मला फार बरं वाटायचं, आणि निळू मात्र पुढचे दोन दिवस तळाशी बसून राहायचा, पर मिटलेले, रंग उडालेला, दाणे समोर टाकले तरी बघायचा नाही. मला वाटायचं जाळीमुळे घाबरला असेल. जाळीचं कारण होतंच, त्या जाळीत लांब पर अडकून फाटतात, म्हणून उचलायचाच झाला तर कपाने पाण्यासकट उचलायचा, पण खरं कारण त्या स्वच्छतेतच होतं.

माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो, शिवाय त्याची शी आणि न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया असतात, काही त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोडं असेल तर मासा सहन करू शकतो. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर, काचेवर, पानांवर चिकटून राहतात. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आणि मी दर रविवारी ती वस्ती क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकत होते, म्हणजे दर आठवड्याला त्याचं घर पहिल्यापासून सुरू. त्यात आणखी एक गोष्ट, पाणी बरेच दिवस तसंच राहिलं तर त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा, हळूहळू खाली येतो, आणि कमी पीएचला अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी रूपात असतो, म्हणून वरून सगळं ठीक वाटतं. अशा पाण्यात एकदम भरपूर ताजं पाणी ओतलं की पीएच वर जातो आणि उरलेला अमोनिया विषारी रूपात येतो. कधीकधी "खूप दिवसांनी टँक साफ केला आणि दुसऱ्या दिवशी मासा गेला" असं लोक सांगतात ना, त्यामागे बऱ्याचदा हे असतं, साफ करायला नको होतं असं नाही, थोडं थोडं रोज बदलत आणायला हवं होतं.

बेटा हवेतून श्वास घेतो, डोक्यात त्याला लॅबिरिंथ नावाचा वेगळा अवयव असतो, वर येऊन हवेचा घोट घेतो, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही टिकतो. त्यामुळे लोकांना वाटतं याला ग्लासभर पाणी पुरे. पण हवा वरून मिळाली तरी अमोनिया त्याच पाण्यातला, त्याने कल्ले आणि कातडी भाजतेच. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर निळूचे बोलमधले चार महिने वाचले असते, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

तर मग वीस लिटरचा टँक, स्पंज फिल्टर, हीटर, आणि हा सायफन. आता मासा आत राहतो आणि फक्त पाणी बदलतं, दर आठवड्याला साधारण चौथा भाग, म्हणजे पाच लिटर. एवढ्या एका बदलासाठी या वस्तूला माझ्याकडून पूर्ण मार्क.

वापरायला सोपा आहे पण पहिल्या दिवशी मला जमला नाही, फुगा दाबत बसले आणि पाणी नळीत अर्ध्यापर्यंत येऊन परत मागे जायचं. कारण बादली मी स्टुलावर ठेवली होती, टँकच्या जवळजवळ बरोबरीने. सायफन उंचीतल्या फरकावर चालतो, बादली टँकमधल्या पाण्यापेक्षा बरीच खाली पाहिजे, जमिनीवर ठेवली की तीन-चार दाबात धार सुरू होते आणि मग फुग्याला हात लावायची गरज नाही. थांबवायचं असेल तर तोंड पाण्याबाहेर काढायचं, नळीत हवा शिरली की धार तुटते. आपल्या तोंडाने ओढून सायफन सुरू करायची पद्धत कृपा करून सोडा, ते पाणी पोटात जाण्यासारखं नसतं.

खडी साफ करायची पद्धत मला खूप आवडली. तोंड खड्यांत उभं रोवायचं, खडे आतल्या आत वर उसळतात, घोळतात, त्यातला तपकिरी गाळ हलका असल्याने नळीतून निघून जातो आणि खडे जड असल्याने परत खाली पडतात. मग उचलून शेजारी रोवायचं. माझी खडी तीन-चार मिलिमीटरची आहे, तिला हा एकदम बरोबर. पहिल्यांदा केलं तेव्हा बादलीतलं पाणी बघून मला धक्का बसला, वरून टँक आरशासारखा होता आणि खाली एवढी घाण साठलेली. आता मी दर वेळी तळाचा अर्धाच भाग घेते, पुढच्या आठवड्यात दुसरा अर्धा, म्हणजे बॅक्टेरियाची वस्ती एकदम हलत नाही.

नळी बारीक असण्याचा फायदा छोट्या टँकवाल्यांनाच कळेल. मैत्रिणीकडे मोठ्या टँकचा जाड सायफन आहे, तो आणून बघितला तर एक कोपरा साफ होईपर्यंत पाच लिटर पाणी संपलं. याच्यात तेवढंच पाणी जायला तीनेक मिनिटं लागतात, तेवढ्यात कोपरे, फिल्टरच्या मागची जागा, झाडाच्या बुडाशी साठलेले दाणे, सगळं होतं.

आता जे आवडलं नाही ते. पहिलं आणि सगळ्यात मोठं, तोंडाला जाळी नाही. बेटा भित्रा मासा नाही, टँकमधे काहीही नवीन आलं की बघायला येतो, आणि निळू तर नळीच्या मागे मागे फिरतो. तिसऱ्या आठवड्यात मी खाली गाळाकडे बघत होते आणि त्याच्या शेपटीचं टोक तोंडात ओढलं गेलं. मी लगेच नळी चिमटीत दाबली, ओढ थांबली आणि तो सुटला, पण शेपटीला अर्ध्या सेंटीमीटरची चीर पडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पाणी स्वच्छ ठेवलं, दिवसाआड थोडं थोडं बदलत राहिले, औषध काही घातलं नाही, आणि काही आठवड्यांत पर भरून आला, नवीन आलेला भाग आधी पारदर्शक दिसतो आणि मग रंग धरतो. तेव्हापासून खडी सोडून नुसतं पाणी काढायचं असेल तेव्हा तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरबँडने बांधते, आणि खडी साफ करताना एक हात कायम नळीवर, डोळे माशावर. लांब परांचे मासे असलेल्या घरात ही वस्तू जाते हे बनवणाऱ्यांना माहीत आहे, डब्यावर बेटाचाच फोटो आहे, मग एक छोटी जाळी डब्यात घालायला काय हरकत होती?

दुसरं, फुग्यातला व्हॉल्व्ह. आतमधे एक पातळ चकती आहे, तिच्याखाली वाळूचा एक कण जरी अडकला तरी फुगा नुसता फुसफुसतो आणि पाणी चढत नाही. उघडून कोमट पाण्याने धुतला की परत चालतो, पण तो उघडायला जे आट्यांचं झाकण फिरवायचं ते ओल्या हाताने फिरत नाही. ज्यांच्या टँकमधे बारीक वाळू आहे त्यांना हे वारंवार होणार. वाळूत तर तोंड रोवूही नका, वाळूच ओढली जाते, वर बोटभर अंतरावरून फिरवायचं म्हणजे गाळ तेवढा उचलला जातो.

नळी नवीन असताना कडक असते, गुंडाळीचा आकार सोडत नाही आणि बादलीतून उसळून बाहेर येते. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून सरळ केली की मऊ पडते. बादलीच्या काठाला धरायला क्लिप नाही, मी कपड्यांचा चिमटा लावते.

आणि सोबत आलेलं माहितीपत्रक. त्यात लिहिलंय की महिन्यातून एकदा टँक पूर्ण रिकामा करून खडी आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा. हे वाचून मला राग आला, खरंच. नवीन माणूस विश्वासाने तसंच करणार आणि त्याचा मासा आजारी पडणार. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचाच नाही, सायफनने काढलेल्या त्याच बादलीतल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, मळका निघाला तरी चालतो, वाहतं पाणी स्पंजमधून नीट जायला लागलं की झालं. आणि मी खडी साफ करते त्या आठवड्यात स्पंजला हात लावत नाही. साबण तर टँकच्या कुठल्याच गोष्टीला लावायचा नाही, बादलीलाही नाही, माझी टँकची बादली वेगळी आहे आणि तिच्यात दुसरं काहीच केलं जात नाही. काचेच्या काठावर क्षारांचे पांढरे डाग पडतात ते बाहेरच्या बाजूने व्हिनेगरच्या कपड्याने पुसते.

सायफन पाणी काढतो, भरायचं काम आपलंच, आणि चुका जास्त तिथेच होतात म्हणून तेही लिहिते. पाणी उतरवायच्या आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, गरम काच एकदम पाण्याबाहेर उघडी पडली तर तडकू शकते. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन बादलीतच घालायचं, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. पाणी एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं हे खरं आहे, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेलं रसायन, असतं आणि ते असं उडत नाही, त्यामुळे मी ठेवलेल्या पाण्यातही थेंब घालतेच. तापमान हाताने बघू नका, बेटाला २५ ते २७ डिग्री बरं वाटतं आणि हाताला ते पाणी गारच लागतं, साधा थर्मामीटर दोन्हीकडे बुडवायचा आणि एखाद्या डिग्रीपेक्षा जास्त फरक ठेवायचा नाही. ओतताना एक ताटली आत धरते आणि तिच्यावर मगने हळूहळू, म्हणजे खडी उसळत नाही आणि निळूला लाटेत पोहावं लागत नाही, थायलंडकडच्या भातशेतांतल्या, संथ उथळ पाण्यातला मासा आहे तो, जोराचा प्रवाह त्याला झेपत नाही. टँक काठोकाठ भरायचा नाही, वर हवा घ्यायला जागा हवी, आणि काम झालं की झाकण लगेच, बेटा उडी मारतो.

पाणी बदलायच्या आधी आणि नंतर सुरुवातीचे दोन महिने मी टेस्ट किट लावत होते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस पीपीएमच्या (लिटरला वीस मिलिग्रॅम) आत, एवढं दिसलं की आठवड्याला चौथा भाग पुरतो. बोल पाच लिटरचा असेल आणि फिल्टर नसेल तर आठवड्यातून एकदा नाही पुरणार, दोन-तीनदा तरी बदलावं लागेल, आणि तिथे हा सायफनसुद्धा मोठाच पडेल, त्यापेक्षा स्वयंपाकातलं, पण फक्त माशासाठी ठेवलेलं, मोठं ड्रॉपर जास्त कामाचं. मी रोज संध्याकाळी तेच वापरते, खाल्ले नाहीत ते दाणे उचलायला.

पाचपैकी चार स्टार देतेय. एक स्टार जाळीचा कापला, त्या माहितीपत्रकाचा कापायला हवा होता पण ते कागद आहे, फेकता येतं. वस्तू म्हणून नळी अजून पिवळी पडलेली नाही, फुग्याला भेग नाही, वापर झाला की साध्या पाण्यातून काढून उलटी टांगून ठेवते, आत पाणी राहिलं तर शेवाळ धरतं.

काल परत पाणी बदललं. पूर्वी दोन दिवस तळाशी बसायचा, आता झाकण लावून बादली रिकामी करून आले तर वर पृष्ठभागावर कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटं बांधायला लागला होता, पाणी ओतताना जुनं मोडलं होतं म्हणून.