ताडपत्री: पाडव्याला घेतली, दिवाळीपर्यंत वापरली

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. बॉयलरचं जळण उघड्यावर असतं आणि गाठी टेम्पोनं जातात. दोन्हींसाठी पाडव्याच्या सुमारास वेगवेगळ्या ताडपत्र्या घेतल्या: जळणावर २५० जीएसएमची एचडीपीई (प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली), टेम्पोवर ६५० जीएसएमची पीव्हीसी कोटेड (कापडावर पीव्हीसी प्लॅस्टिकचा थर दिलेली). चाळिशीपार ऊन, वळवाचे वारे आणि परतीचा पाऊस असं सगळं दोघींनी सोसलंय.

दुकानदार पहिल्यांदा जीएसएम सांगतो. जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन, बास. त्यावरून ताडपत्री फाटेल की नाही ते कळत नाही. सोलापुरात ताणा-बाणा कुणाला शिकवायला नको: कापडाला चीर पडली की धागे सरकून एका जागी गोळा होतात आणि चीर अडवतात. लॅमिनेशन, म्हणजे विणीवरचा प्लॅस्टिकचा थर, जाड आणि कडक असलं की पट्ट्या सरकू शकत नाहीत, एकेक करून तुटत जातात. म्हणून जड पण कडक माल कधीकधी हलक्यापेक्षा लवकर टरकतो. दुकानातच कोपऱ्याला छोटा काप देऊन हातानं ओढून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

वजनही करून घ्या. १८ बाय २४ फूट म्हणजे साधारण ४० चौरस मीटर, २०० जीएसएमला ८ किलो भरायलाच हवं. काट्यावर साडेसहा भरलं तर एकतर जीएसएम खोटं, नाहीतर माप. शिवण-दुमडीत फूटभर जातं, त्यामुळे तयार माप विचारा.

आता अनुभव. जळणावरची एचडीपीई मधे कुठंच फाटली नाही, गेली ती दोरी ओवायच्या रिंगांपाशी. वळवाच्या वाऱ्यात ताडपत्री फडफडते आणि प्रत्येक झटका त्या अॅल्युमिनियमच्या रिंगेवर बसतो. काठात दोरी घातलेली बाजू टिकली, नुसती दुमडलेली उसवली. मग दोरीच्या टोकाला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या, तेव्हापासून एकही रिंग निघाली नाही. लाकडाची टोकं टोचतात तिथं गोणपाट घातलं. दक्षिणेकडची बाजू मात्र उन्हानं पांढुरकी पडलीय, नखानं खरवडलं तर भुसा निघतो. यूव्हीचा, म्हणजे उन्हाला टिकणारा माल म्हणून घेतला होता, तरी. एचडीपीईला साधा गोंद धरत नाही, टेप पहिल्या पावसापुरती.

पीव्हीसी दिसायला अजून नवी आहे. आत पॉलिएस्टरचं कापड असल्यानं ताणत नाही, आणि भोक पडलं तर ठिगळ गरम हवेनं चिकटतं. पण तेवढ्याच मापाची २६ किलो भरते, एकट्या माणसाला टेम्पोवर चढवणं होत नाही. उन्हात घडी घालून ठेवली की थर एकमेकांना चिकटतात. पैसेही कितीतरी जास्त.

सुताच्या गोणींवर दोन्हींपैकी कुठलीही घट्ट गुंडाळू नका. रात्री आतून दव धरतं आणि सूत ओलं होतं. खाली लाकडी पॅलेट, वर हातभर मोकळी जागा हवीच.

जळणासाठी पुढच्या वेळी परत एचडीपीईच घेणार, पण आयएस ७९०३ चा (एचडीपीई ताडपत्रीच्या भारतीय मानकाचा) शिक्का, काठात दोरी आणि जोड शिवलेला नाही, गरम करून चिकटवलेला बघून. शिवलेल्या जोडात सुईच्या भोकातून सप्टेंबरभर पाणी गळालंय.