लिंकन-बेंडिक्स आणि ब्यूकचे ड्रम: जुन्या हॉट रॉडचे ब्रेक घेताना

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी घरच्या घरी बदललेली जुनी गाडी: १९३२ चा फोर्ड रोडस्टर (उघड्या टपाची गाडी), फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन, हलकी केलेली बॉडी आणि कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर मारलेली धाव. हॉट रॉड बांधणाऱ्या मंडळींनी इंजिनाची ताकद भराभर वाढवली, पण फोर्ड कंपनीने १९३८ पर्यंत ब्रेक यांत्रिकच ठेवले, आधी सळईने ओढले जाणारे आणि शेवटची दोन वर्षं केबलचे. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, आले १९३९ साली. त्यामुळे हॉट रॉड बांधणारा जो तो जंकयार्डमधून १९३९ ते १९४८ चे ब्रेक उचलून जुन्या अ‍ॅक्सलवर चढवायचा. अमेरिकेत आजही त्यांना ‘ज्यूस ब्रेक’ म्हणतात.

आज त्या काळाला साजेसे ब्रेक घ्यायला निघालं तर समोर चार-पाच पर्याय येतात आणि सगळ्यांच्या पाटीवर ‘दुर्मीळ’ असतं. गाडी रस्त्यावर पळवायची असेल तर आमचा कौल पुढच्या चाकांना लिंकनच्या पद्धतीचे बेंडिक्स ब्रेक आणि त्यावर ब्यूकचे फिनवाले (बाहेरून उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या असलेले) अ‍ॅल्युमिनियमचे ड्रम याला. मात्र ड्रम मोजून घेतला तरच. न मोजता घेतलेला ब्यूक ड्रम म्हणजे महागडा फुलदाणीचा स्टँड.

आधी फोर्डच्या मूळ ब्रेकबद्दल, कारण ते स्वस्त आहेत आणि उगाच बदनाम झालेत. १२ इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा), १.७५ इंच रुंद शू (आतून ड्रमवर दाबली जाणारी, लायनर लावलेली कमान), रचना लॉकहीड पद्धतीची. प्रत्येक शूला खाली स्वतःची वेगळी अँकर पिन, त्यामुळे एक शू दुसऱ्याला ढकलत नाही. पुढचा शू ड्रमच्या फिरण्याने थोडा ड्रमकडे ओढला जातो, मागचा उलट ड्रमपासून दूर ढकलला जातो. पायाला जोर जास्त लागतो, पण ब्रेक सरळ लागतो. ‘हे ब्रेक धरतच नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा सेटिंगची असते. नवीन लायनर लावलेला शू ड्रमच्या गोलाईला घासून जुळवावा लागतो. तो न जुळवता बसवला की लायनर फक्त टोकांना किंवा फक्त मध्ये टेकतो, आणि पाऊण लायनर नुसता हवा खात बसतो. लायनरवर खडू फासा, ड्रम हाताने फिरवा, शू काढून बघा. खडू दोन बोटांएवढ्याच जागी पुसला गेला असेल तर दोष त्या जुळणीचा. सेटिंगही दोन ठिकाणी असतं: खालच्या अँकर पिना एक्सेंट्रिक (फिरवल्या की शू सरकवणाऱ्या) आहेत आणि वरचे कॅमही. सुरुवातीला खालच्या पिनांवरच्या खुणा एकमेकींकडे तोंड करून ठेवायच्या, मग दोन्ही आलटून पालटून जुळवायच्या. फक्त वरचे कॅम फिरवून मोकळं होणारे निम्मं काम करतात.

बेंडिक्सची गंमत वेगळी आहे. इथे दोन्ही शू खाली एकमेकांना तारा-चाकाच्या अ‍ॅडजस्टरने जोडलेले आणि वर एकच अँकर. पेडल दाबलं की पुढचा शू ड्रमला चिकटतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, तो अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो आणि मागचा शू अँकरवर टेकून ड्रमवर आवळला जातो. गाडीचीच गती ब्रेक आवळायला मदत करते, म्हणून तेवढ्याच पायाने कितीतरी जास्त पकड मिळते. १९४० च्या दशकातल्या लिंकनच्या अशा बॅकिंग प्लेट (शू ज्यावर बसवतात त्या प्लेट) १९३७ ते १९४८ च्या फोर्ड स्पिंडलवर (पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर) बसतात. रॉडवाल्यांनी त्या इतक्या उचलल्या की अस्सल माल आता क्वचित मिळतो. नवीन बनवलेले सेट मिळतात, साधारण १२ इंच बाय २ इंच मापाचे. अस्सल की नवा या वादात आम्ही नव्याच्या बाजूने आहोत. सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या प्लेटवर शू जिथे घासतो त्या उंचवट्यांना खोल खाच पडलेली असते. शू त्या खाचेत अडकतो आणि ब्रेक सोडला तरी चाक अडखळत राहतं. खाच वेल्डिंगने भरून सपाट करता येते, पण प्लेट वाकडी असेल तर त्या फंदात पडू नये. आजूबाजूच्या लोकांना कळणारसुद्धा नाही की प्लेट नवी आहे.

बसवताना ठराविक चुका होतात. आखूड लायनरचा शू पुढे, लांब लायनरचा मागे. उलटे बसवले की ब्रेक लागतो, पण दगडासारखा आणि कमी. अ‍ॅडजस्टर डावे-उजवे वेगळे असतात, चुकून अदलाबदल झाली तर घट्ट करायला जाल तेव्हा सैल होईल. वरचा अँकर ज्या सेटमध्ये सरकवता येतो, त्यात फीलर गेज घालून मागच्या शूच्या दोन्ही टोकांना सारखी फट ठेवायची, साधारण ०.०१० इंच. आणि या रचनेत एक खोड आहेच: जी ताकद ती वाढवते, तीच फरकही वाढवते. एका बाजूच्या लायनरला ग्रीसचा पुसटसा हात लागला, किंवा डाव्या-उजव्या लायनरचा माल वेगळा असला, तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. बेअरिंगचं ग्रीस सील स्वस्तातलं टाकून वर स्टिअरिंगला दोष देऊ नये.

लिंकन परवडत नसेल तर १९४८ ते १९५२ च्या फोर्ड एफ-१ पिकअपचे पुढचे ब्रेक बघा. तेही बेंडिक्सच, फक्त ड्रम ११ इंची. प्लेटच्या मधल्या भोकाला थोडं लेथकाम किंवा रिंग लागते. दिसायला साधे, कामाला चोख.

आता ड्रम. ब्यूकने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या मोठ्या गाड्यांना पुढे अ‍ॅल्युमिनियमचे ड्रम दिले, आतून बिडाची रिंग आणि बाहेरून उभ्या फिन. ४५ फिनचा आणि ९० फिनचा असे दोन प्रकार हॉट रॉडवर सर्रास दिसतात. ४५ वाला भरदार दिसतो म्हणून त्याला मागणी जास्त. कामात मात्र फिनच्या संख्येपेक्षा धातू महत्त्वाचा. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि पेडल खाली बसत जातं. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता बाहेर फेकतं, म्हणून घाट उतरताना पेडल वरच राहतं. माप १२ इंच बाय २.२५ इंच, म्हणजे २ इंची शू आत आरामात मावतो. पण शू ड्रमच्या आतल्या जुन्या झिजेच्या कडेवर चढत नाही ना, आणि ड्रमचा ओठ बॅकिंग प्लेटला घासत नाही ना, हे स्पिंडलवर सुकं जोडूनच बघावं.

घेताना काय बघायचं? आतला व्यास चार ठिकाणी मोजा. १२.०६० इंच ही टाकण्याची मर्यादा धरा. विकणारा ‘फक्त हलकासा टर्न केलाय’ (लेथवर आतून कापलाय) म्हणाला तरी माप घ्या, कारण तुम्हालाही हबवर बसवून तो पुन्हा थोडा काढावाच लागणार आहे. १२.०५० ला पोचलेला ड्रम आमच्या लेखी संपलेला. मग बिडाची रिंग आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या सांध्यावर उजेड टाका. तिथे काळी केसाएवढी रेघ गोल फिरलेली दिसली तर रिंग सुटत चालली आहे. आत निळे डाग असतील तर ड्रम जबरदस्त तापला होता, त्या जागा कडक झालेल्या असतात आणि त्यांच्यावर लेथचं टूल उड्या मारतं. फिनचा एखादा टवका उडालेला असला तर तो शोभेचा प्रश्न, किंमत पाडायला वापरा.

ब्यूकचं चाक ५ बोल्टचं, ५ इंची वर्तुळावर. फोर्डचं १९४० पासून ५.५ इंची. (१९३९ ची हायड्रॉलिक ब्रेकची गाडी ‘वाइड फाइव्ह’ची, तिचं बोल्टचं वर्तुळ १०.२५ इंची, तिचे हब (चाक आणि ड्रम ज्यावर बसतात तो मधला भाग) या कामाला घेऊ नका.) म्हणून ड्रमला नवीन भोकं पाडावी लागतात, जुन्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ३६ अंश फिरवून, नाहीतर जुनं आणि नवं भोक एकमेकांत घुसतं. मधलं भोकही हबच्या खांद्यावर घट्ट बसेल एवढंच मोठं करायचं. ड्रमचा मध्य या खांद्याने ठरतो, बोल्टने ठरला तर ड्रम डगमगतो. हे काम ड्रिल मशीनवर नको, चांगल्या टर्नरकडेच द्या, आणि शेवटचा हात ड्रम हबला जोडल्यानंतर, दोन्ही एकत्र फिरवून.

फोर्डच्या जुन्या हबमध्ये स्टड (चाकाचे बोल्ट) चेपून बसवलेले असतात. प्रेसखाली घालून सरळ दाबले तर हबचं भोक फाटतं किंवा हब वाकतं. आधी पोकळ कटरने चेपलेला भाग कापून काढायचा, मग स्टड हलक्या दाबाने निघतो. असे फाटलेले हब स्वॅप मीटमध्ये (जुन्या सुट्या भागांच्या बाजारात) ढिगाने पडलेले असतात, भोकांच्या कडा बघूनच उचला. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींना पोमोनाचं स्वॅप मीट सोयीचं. कॅलिपर आणि टॉर्च खिशात असू द्या.

किनमाँट ब्रेकचं नाव निघतंच. १९४० च्या आसपासचे, फिन असलेल्या भरीव कवचातले डिस्क ब्रेक, लॉस एंजेलिसच्या परिसरातले. पाहिले की हात जोडावेत असे सुंदर आणि किंमतही देवाघरची. रस्त्यासाठी घेऊ नका. सुटा भाग मिळत नाही, घर्षणाची चकती झिजली की ती करवून घ्यावी लागते. १९४९ च्या क्रॉस्लीचे विमानातल्या धर्तीचे गुडइयर-हॉली डिस्क तर रस्त्यावरच्या मिठाने जाम व्हायचे आणि कंपनीने ते लवकरच सोडले. क्रायस्लर क्राउन इंपीरियलचे ऑस्को-लँबर्ट १९४९ ते १९५४ टिकले, पण एवढे जड की हलक्या रोडस्टरला काही उपयोगाचे नाहीत. ब्यूकसारखं दिसणारं कवच आणि आत लपवलेला आधुनिक डिस्क ब्रेक हा पर्यायही मिळतो. थांबण्यात तो सगळ्यांना मागे टाकतो. चाकाच्या आत डोकावणाऱ्याला तो ओळखू येतो, एवढं चालत असेल तर घ्या.

मागच्या चाकांना बेंडिक्स लावू नये असं आमचं मत. रोडस्टरची मागची बाजू हलकी, ब्रेक लावताना ती आणखी हलकी होते, आणि स्वतःच आवळणारे ब्रेक तिथे चाक चटकन जाम करतात. पुढे बेंडिक्स, मागे फोर्डचे साधे लॉकहीड, हा मेळ जमतो. मागचे हब निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने) बसतात. काढताना हबचाच पुलर वापरा. ड्रमच्या कडेला धरून ओढणारा तीन बोटांचा पुलर ड्रम वाकवतो. बसवताना नट किमान १७५ फूट-पौंड, नाहीतर हब अ‍ॅक्सलवर हलत राहून चावी कापतो.

मास्टर सिलिंडर (पेडलने ब्रेकच्या तेलाला दाब देणारा) फोर्डचा मूळचा १-१/१६ इंची, एकाच खान्याचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. पायाखाली, फ्रेमला लपून बसतो, त्यामुळे तिथे दोन खान्यांचा लावला तरी जुनेपणाला धक्का लागत नाही. लावाच. १ इंची घेतलात तर तेवढ्याच पायाने सुमारे १३ टक्के जास्त दाब मिळतो, बदल्यात पेडल थोडं जास्त खाली जातं. हा सिलिंडर चाकांच्या सिलिंडरपेक्षा खाली असल्याने ऑइल मागे उतरतं, म्हणून ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा) हवा. काही मास्टर सिलिंडरमध्ये तो आतच असतो. पुढे लपवलेले डिस्क लावले असतील तर त्या लाइनला २ पीएसआयचा, १० चा राहिला तर पॅड डिस्कला चिकटूनच राहतात. चाकांचे जुने सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतील तर नुसतं होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून रबर कप बदलू नका, महिन्याभरात गळतील. स्टीलची स्लीव्ह बसवा किंवा नवे घ्या. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर एअर गन मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ५ प्रकारचं? डॉट ३ हवेतली ओल शोषतं आणि रंग उडवतं, दोन वर्षांनी बदलावं लागतं. डॉट ५ सिलिकॉनचं, वर्षभर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला बरं, पण एअर काढताना त्यात बुडबुडे अडकतात, सावकाश ओतावं लागतं. दोन्ही एकत्र करू नये. मूळ फोर्डसारखा दाबावर चालणारा ब्रेक लाइटचा स्विच ठेवणार असाल तर डॉट ५ मध्ये तो लवकर दगा देतो. पेडलवर चालणारा साधा यांत्रिक स्विच लावून टाका.