एआयने कार्ट भरावी की पैसेही?

ऑफिसचा कागद, टोनर, पॅकिंग टेप यांची खरेदी एआय सहायकाकडे सोपवताना खरा प्रश्न पैसे कोण भरणार हाच.

वेळ: पैसेही त्यानेच भरले तर काम वाचतं. पण भारतीय कार्डावर सहसा ओटीपी लागतो, आणि एआयला एसएमएस वाचू देणं म्हणजे तिजोरीची किल्लीच देणं.

धोका: विक्रेत्याच्या पानावर दडवलेला मजकूर एआय सूचना समजून पाळू शकतो. नुसती कार्ट भरली असेल तर चूक वेळेत सापडते. तिथे तपासा: नग की पेटी, टोनरचा मॉडेल क्रमांक आणि तुमच्या ऑफिसचा जीएसटीआयएन, म्हणजे अक्षरं-अंक मिळून १५ चिन्हांचा जीएसटी नोंदणी क्रमांक. तो चुकला की इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकलंच.

ठरलेल्या विक्रेत्याकडून दरमहा तोच माल येत असेल, तर थोडीच रक्कम भरलेलं वेगळं प्रीपेड कार्ड द्या; ओटीपी लागला तर तो तुम्हीच टाका. नवा विक्रेता किंवा महागडं यंत्र असेल, तर कार्टपर्यंतच.