शेतावरचा सोलर ४जी कॅमेरा: विहिरीच्या केबलची राखण कितपत करतो?

वीज नको, वायफाय नको, सिम घाला आणि घरबसल्या मळा बघा. चार ते सात हजारांत मिळणाऱ्या या कॅमेऱ्यांची जाहिरात अशीच असते आणि तेवढ्यापुरती ती खरीही आहे. पण मोटारीची केबल वाचवायला म्हणून घेणार असाल, तर जरा थांबा.

चोराला हवं असतं तांबं. २.५ चौरस मिलीमीटरच्या थ्री-कोअर (तीन तारांच्या) केबलमध्ये मीटरमागे सुमारे ६७ ग्रॅम तांबं निघतं, म्हणजे १०० मीटरला पावणेसात किलो. थ्री-फेज लाईट गेली की दोन ठिकाणी कटर मारायचा, ओढून वेटोळं करायचं, लांब ओढ्याला नेऊन जाळायचं. सगळा खेळ काही मिनिटांचा. लाईटचं वेळापत्रक तर अख्ख्या गावाला पाठ.

बॅटरीवरचा कॅमेरा एरवी झोपलेला असतो. अंगाची ऊब टिपणारा सेन्सर त्याला उठवतो, तोही माणूस आठ-दहा मीटरच्या आत आला तर. उठून नेटवर्क पकडून चित्रण सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात आणि वाटेने सरळ निघून जाणाऱ्याची फक्त पाठ हाती लागते. म्हणून कॅमेरा वाटेवर रोखू नका. चोराला जिथे थांबून वाकावंच लागतं, ती स्टार्टरची पेटी किंवा विहिरीचं तोंड चौकटीत घ्या.

अंतराचा हिशेब दुकानदार सांगत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटायला चित्रात दिसणाऱ्या रुंदीच्या मीटरमागे साधारण २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात. ३ मेगापिक्सेलचा, ८० अंशांचं दृश्य घेणारा कॅमेरा त्यामुळे साडेपाच मीटरपर्यंतच कामाचा. त्यापलीकडे ‘कोणीतरी आहे’ एवढंच कळतं. डब्यावर ५ मेगापिक्सेल छापलेलं असलं तरी आतला चित्र टिपणारा सेन्सर पुष्कळदा कमी मेगापिक्सेलचाच असतो. उंची दहा फुटांच्या आसपास ठेवा. त्याहून वर गेलात तर नुसती टोपी दिसेल. दोन इंची जीआय पाइप दोन फूट काँक्रीटमध्ये गाडा आणि बोल्टची डोकी वेल्डिंग करून टाका, नाहीतर पहिली चोरी कॅमेऱ्याचीच.

पावसाळ्यात खरी कसोटी. २६०० एमएएचचे चार सेल म्हणजे जेमतेम ३८ वॉट-तास. लाइव्ह बघताना अडीच वॉट जातात असं धरलं, तर पंधरा तासांत बॅटरी रिकामी. आभाळ आठवडाभर भरलेलं असताना घरातली पोरं करमणूक म्हणून सारखा मळा बघत बसली, तर अमावस्येच्या रात्री कॅमेरा बंद सापडणार. पॅनल दक्षिणेकडे, वीसेक अंश कलता लावा. त्यावरची धूळ पुसा, भिंगापुढचं कोळ्याचं जाळंही काढत जा; रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात ते पांढरंफेक दिसतं आणि मागचं सगळं झाकतं. चोवीस तास चित्रण हवं असेल, तर हा प्रकार सोडून ४० वॉटचं पॅनल आणि वेगळी बॅटरी असलेला संच घ्या.

सिमचं आधीच बघा. जिओ घालणार असाल, तर कॅमेरा बँड ५ घेतो का ते विचारा. खेडोपाडी लांबवर पोचते ती हीच ८५० मेगाहर्ट्झची रेंज. सिमचा पिन लॉक घरीच काढा. मोबाईलमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधनही उठवा, नाहीतर रात्री दोनची सूचना सकाळी सातला येते.

नुसती केबलच वाचवायची असेल, तर त्याच पैशांत केबल तुटल्याची सूचना देणारा मोबाईल स्टार्टर (सिम घालून मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारा) बरा. मोटर बंद असताना तो स्वतःच्या बॅटरीवरून केबल आणि मोटारीच्या वाइंडिंगमधून बारीकसा प्रवाह फिरवत ठेवतो. कटर लागला की प्रवाहाचं सर्किट तुटतं, भोंगा वाजतो आणि थेट फोन येतो. झोपेत सूचनेने जाग येत नाही, फोनने येते. घेताना दोन गोष्टी पक्क्या करा: लाईट नसतानाही ही सोय चालते का, आणि आतलं सिमचं मॉड्यूल २जी आहे का. २जी असेल तर जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओला २जी नाहीच.

कॅमेरा जागेवर शोभतो तो कांद्याच्या चाळीला, ट्रॅक्टरच्या शेडला, फाटकाला. ठिबकच्या नळ्या कापणं, द्राक्षवेलींवर कोयता चालवणं, असल्या खोडसाळपणावर मात्र त्याची फार भिस्त ठेवू नका. हे काम करणारा बहुधा ओळखीतलाच, कधी भावकीतलाही, आणि कॅमेरा कुठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. तिथे दुसरा कॅमेरा आडबाजूला, पहिल्याकडे तोंड करून लावला तरच उपयोग.

चित्रण मिळालंच, तर व्हॉट्सॲपवर फिरवून भागत नाही. तिथे फाइल दाबली जाते आणि चेहरा फुटतो. मूळ मेमरी कार्ड काढून जपून ठेवा, कॅमेऱ्यात दुसरं घाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरीची फिर्याद देताना त्या चित्रणाचा उल्लेख करा. पुढे कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) लिहावी लागते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर समोरचा वकील पहिला त्यावरच बोट ठेवतो, म्हणून बसवतानाच तारीख-वेळ जुळवून घ्या.