साइडआर्म: कुत्र्यांच्या खेळण्यातून नेटमध्ये आलेला वेगवान गोलंदाज

कुत्र्यासाठी चेंडू लांब फेकायची प्लॅस्टिकची पळी कोणीतरी क्रिकेटच्या नेटमध्ये आणली आणि साइडआर्म जन्माला आला. लांब दांडा, टोकाला चेंडू धरणारी वाटी, बस्स. दिसायला अजून खेळणंच आहे. पण ताशी १४० किलोमीटर टाकणारा गोलंदाज क्लबात नसेल (कुठल्या क्लबात असतो म्हणा!) तर त्या वेगाच्या सरावाला एवढी स्वस्त सोय दुसरी नाही. भारतीय संघाचे थ्रोडाउन तज्ज्ञ (सरावासाठी फलंदाजाला चेंडू फेकून देणारे) राघवेंद्र याच दांड्याने मारा करतात आणि वेगवान गोलंदाजी खेळण्यातल्या प्रगतीचं श्रेय विराट कोहलीने त्यांना जाहीरपणे दिलं आहे.

दांड्यामुळे हात लांब होतो. खांदा तेवढ्याच वेगाने फिरला तरी टोकाचा वेग वाढतो. शिवाय चेंडू वाटीच्या कडेवरून घरंगळत सुटतो, त्यामुळे त्याला गोलंदाजाच्या बोटांतून मिळते तशी उलटी फिरकी मिळते. वाटीत सीम, म्हणजे चेंडूची शिवण, दांड्याच्या रेषेत उभी बसवा. आउटस्विंग (हवेत फलंदाजापासून बाहेर जाणारा चेंडू) हवा असेल तर ती किंचित पहिल्या स्लिपकडे वळवा. बोलिंग मशीनमध्ये फेकणारा हात दिसत नाही. इथे दिसतो, आणि वीजही लागत नाही.

घेताना वाटी तपासा. चेंडू बसवून दांडा उलटा धरला तर तो पडता कामा नये, पण मनगटाच्या झटक्याने सुटला पाहिजे. वाटी घट्ट असेल तर चेंडू उशिरा सुटून पायाशी आपटतो. सैल असेल तर लवकर सुटतो आणि थेट डोक्यावर बीमर (टप्पा न पडता येणारा चेंडू) जातो, म्हणून फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं. १५६ ते १६३ ग्रॅमच्या सीनियर चेंडूसाठीच्या वाटीत मुलांचा लहान चेंडू सैल बसतो, टेनिस बॉल तर आणखी. त्यासाठी वेगळी वाटी घ्या. ओला चेंडूही तसाच निसटतो. सराव संपल्यावर चेंडू वाटीत अडकवून ठेवू नका, तोंड फाकतं. कडेला पांढुरकी रेघ दिसली की तडा फार लांब नाही.

अंतराचा हिशेब बहुतेक जण चुकवतात. क्रीझ ते क्रीझ, म्हणजे गोलंदाजाच्या रेषेपासून फलंदाजाच्या रेषेपर्यंत, १७.६८ मीटर. हवेत कमी होणारा वेग सोडला तर ताशी १४० च्या चेंडूला साधारण ०.४५ सेकंद लागतात. १४ मीटरवरून ताशी ११० ने टाकलं तरी फलंदाजाला जवळजवळ तेवढाच वेळ मिळतो. म्हणजे खांदा तोडायची गरज नाही, पुढे या. फक्त चेंडू जास्त उतरत्या कोनातून येतो, म्हणून टप्पा फलंदाजाकडे थोडा सरकवा, नाहीतर गुडलेंथचा चेंडू छातीवर उठेल.

उभं राहून फेकू नका. रनअप नसेल तर फलंदाजाची हालचाल चुकीच्या वेळी सुरू होते आणि मॅचमध्ये तीच सवय नडते. तीन-चार पावलं चालत या.

फिरकीसाठी हा दांडा घेऊ नका. मनगट वाचायला, म्हणजे ते पाहून चेंडू कसा वळेल हे ओळखायला शिकायचं तर समोर खरा फिरकीपटूच हवा. आणि फेकणाऱ्याच्या खांद्यावर ताण येतच नाही हा गैरसमज आहे. आधी हात गरम करा, पहिले काही चेंडू अर्ध्या जोराने टाका आणि फेकणारे आलटूनपालटून ठेवा.