वजनदार मोहरे, साडेपाच सेंटिमीटरची घरं आणि कार्पोव्हचा एक डाव

बुद्धिबळाचा लाकडी पट आणि स्टाँटन घडणीचे (स्पर्धांत वापरतात त्या नेहमीच्या आकाराचे) वजनदार मोहरे घेऊन चार महिने झाले. डब्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, त्यामुळे नाव विचारू नका. राजा ९.५ सेंटिमीटर, घर ५.५. स्पर्धेत साधारण याच मापाचा संच समोर असतो, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे स्क्रीनवर डाव बघताना मी फार घाई करते. इंजिनचा, म्हणजे कोणाची बाजू किती वरचढ ते सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा, आकडा हलला नाही की पुढची चाल दाबून मोकळी. आणि संथ डावांत तो हलतच नाही.

संच पारखायला एकच डाव घेतला, पण तो निदान दहा वेळा मांडला. १९७४, फ्रान्समधल्या नीसचं बुद्धिबळ ऑलिम्पियाड, सोव्हिएत ग्रँडमास्टर कार्पोव्ह (पांढरा) विरुद्ध पश्चिम जर्मनीचा उन्त्सिकर (काळा). सुरुवात रुय लोपेझ पद्धतीची, ४४ चाली. आख्ख्या डावात मारामारी किती? प्याद्यांची एक जोडी आणि उंटांची एक. काळ्याने डाव सोडला तेव्हा पटावर २८ मोहरे उभे होते! घरं पुरतात का, हे बघायला याहून चांगला डाव सापडणार नाही. गर्दीतून घोडा उचलताना शेजारचं काही एकदाही कलंडलं नाही. बुडातलं वजन नीट बसवलंय. मारलेले मोहरे ठेवायला डब्यात मखमलीची खोबण दिली आहे. ती या डावात जवळजवळ रिकामीच राहते.

चोविसावी चाल. ए-फाइल, म्हणजे पटाच्या कडेची उभी रांग, उघडी (तिच्यात प्यादी नाहीत), दोघांचे हत्ती तिच्यावर. इथे मी असते तर हत्तीला हत्ती देऊन टाकला असता. स्पर्धेत तेच करत आले आहे, आणि मग बरोबरीचा प्रस्ताव. कार्पोव्हने ई३ या घरावरचा उंट उचलून त्याच रांगेतल्या ए७ या घरावर ठेवला. फाइलीला बूच! आता काळ्याला हत्तींची अदलाबदल करता येत नाही आणि पांढरा उंटाच्या आडोशाने निवांत दुसरा हत्ती आणतो. उंट बाजूला झाला की फाइल पांढऱ्याची, त्यामुळे काळ्याला तिथला पहारा सोडता येत नाही. जागा तर त्याला आधीच कमी.

गंमत म्हणजे ते बूच कधी निघालंच नाही. वीस चाली माझा हात त्या उंटाकडे गेला नाही, आणि तो हातात घेऊन ठेवला होता म्हणूनच हे जाणवलं. स्क्रीनवर हाच डाव मी पूर्वी पाहिलाय. काही म्हणता काही लक्षात नव्हतं. फाइल उघडण्याची नुसती भीती दाखवून कार्पोव्ह दुसऱ्या बाजूला, राजाकडे वळला.

त्याचा दुसरा उंट मात्र ४४पैकी १२ चाली फिरतो. बी१, सी२, पुन्हा बी१, पुन्हा सी२. पहिल्यांदा मांडताना मला वाटलं मीच चाल चुकले. शेवटी तो डी१वरून एच५ला जातो आणि एफ७वर काळ्याच्या उंटाशी अदलाबदल करतो. काळ्याच्या राजाजवळची पांढरी घरं राखणारा काळ्याचा तो उंटच एक होता. मग वजीर एच५वरून सरळ जी६ला.

आता तक्रारी. पॉलिश इतकं चकचकीत आहे की दिव्याखाली काळे मोहरे डोळ्यांत चमकतात. मी दिवा मागे सरकवला. एका काळ्या घोड्याचा कान दुसऱ्याच आठवड्यात उडाला. कोरीवकाम सुरेख आहे, पण कान फार पातळ ठेवलेत. आणि फेल्ट, म्हणजे बुडाला चिकटवलेली मऊ कापडी चकती! कोणत्या मोहऱ्याचं सुटावं? त्याच येरझाऱ्या घालणाऱ्या पांढऱ्या उंटाचं. विक्रेत्याला कळवलं तर त्याने तत्परतेने आठ चकत्या पाठवल्या, आठही प्याद्याच्या मापाच्या. उंट सध्या उघड्या बुडानेच सी२ला जातो.