एनर्जी मॉनिटरिंग सिस्टीम : नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिने झाले आमच्या बिल्डिंगमध्ये एनर्जी मॉनिटरिंग बसवून. घ्यायच्या आधी कुणीतरी वापरून लिहिलेलं काही मिळतंय का ते खूप शोधलं, पण सगळीकडे नुसत्या जाहिराती, म्हणून आता मीच सविस्तर लिहितोय. बिल्डिंग ऑफिसची आहे, चौदा मजले, सेंट्रल एसी, त्यासाठी पाणी थंड करणारे दोन चिलर, प्रत्येक मजल्यावर थंड हवा फेकणारे दोन एएचयू, आठ लिफ्ट, बॅकअपला डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर. मी मेंटेनन्स बघतो. वीज आत येते त्या मेन इनकमरवर एक मीटर, खाली वेगवेगळ्या मजल्यांना आणि मशीनना 46 सबमीटर, दर 15 मिनिटांनी रीडिंग. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आम्हाला जे त्रास झाले ते जवळपास कुठल्याही सिस्टीममध्ये होऊ शकतात.

आधी आमच्याकडे महिन्याचं बिल यायचं, बस. बिलावरून युनिट किती जळले ते कळतं, पण कुठे जळले आणि किती वाजता जळले हे कळत नाही, आणि मोठ्या बिल्डिंगमध्ये सगळी मेख त्या दोन प्रश्नांतच असते.

पहिले तीन आठवडे मी स्क्रीनवर जे दिसेल ते खरं धरून चाललो आणि तीच सगळ्यात मोठी चूक झाली. एका संध्याकाळी सहज सगळ्या सबमीटरची बेरीज करून मेन मीटरशी ताडून बघितली तर 22 टक्के वीज कुठे गेली त्याचा पत्ताच नाही. थोडा फरक राहणारच, मीटर क्लास 1 चा असेल तर एखादा टक्का त्याचाच, थोडा केबलमध्ये जातो, काही बारीकसारीक लोडला मीटरच नसतो, पण 22 टक्के म्हणजे फारच झालं. मग मी आणि आमचा नाइट शिफ्टचा इलेक्ट्रिशियन टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) घेऊन एकेक पॅनल उघडत गेलो. सहाव्या मजल्यावर आर फेजला (तीन फेजपैकी एक) टाँग टेस्टर 210 अँपिअर दाखवतोय आणि मोबाइलवर त्याच क्षणी 105. बरोबर निम्मं. सीटीवर, म्हणजे मोठा करंट मीटरसाठी लहान करणाऱ्या कॉइलवर, 400/5 (400 अँपिअरचे 5) असं ठळक छापलेलं आणि सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं 200/5, म्हणजे तीन आठवडे त्या मजल्याची अर्धीच वीज मोजली जात होती.

दुसरी भानगड पंपाच्या पॅनलला होती. तीन सीटींपैकी एक उलटा बसवलेला. लोड तिन्ही फेजवर सारखा असला की दोन फेज अधिक आणि एक उणे धरला जातो, त्यामुळे एकूण आकडा खऱ्याच्या एक तृतीयांश येतो. पंप 30 किलोवॉट खात होता आणि स्क्रीनवर 10. आणि ग्राफ अगदी छान, गुळगुळीत, शंका घ्यायला जागाच नाही! म्हणून सांगतो, बसवणाऱ्याच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक मीटरचा प्रत्येक फेज टाँग टेस्टरने तपासून घ्या, दोन दिवस जातील पण जाऊ देत. आणि एक कळकळीने सांगतो, सीटी उलटा दिसला म्हणून चालू लोडवर त्याची मीटरकडे जाणारी सेकंडरी वायर सोडू नका, शटडाऊन घ्या नाहीतर आधी ती शॉर्ट करा, कारण उघड्या सेकंडरीवर जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. घाईत कुणाचा तरी जीव जायचा.

कम्युनिकेशनचा त्रास पण झाला. काही मीटर मधूनच ऑफलाइन जायचे, परत यायचे, कंपनीचा सपोर्टवाला प्रत्येक वेळी गेटवे (मीटरचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारा डबा) रीस्टार्ट करा एवढंच सांगायचा. शेवटी कळलं की मीटरचा डेटा नेणारी आरएस-485 ची वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्यायची असते, आमच्याकडे शाफ्टमध्ये तीन ठिकाणी फाटे फोडलेले आणि टोकाला 120 ओहमचा रेझिस्टरही नाही. वायरिंग सरळ केल्यापासून चार महिन्यांत एकदाच लाइन गेली.

आता खरा फायदा कुठे झाला ते. माझ्या मते डॅशबोर्डवरचा सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे पहाटे 3 चा. ऑफिस सकाळी 8 ते रात्री 8, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे 60 तास. आठवड्याचे तास 168. उरलेले 108 तास बिल्डिंग जवळजवळ रिकामी असते आणि तरी आमचा लोड रात्री 190 किलोवॉटच्या खाली उतरत नव्हता. मी कागदावर मांडून बघितलं, सर्व्हर रूम, तिचा एसी, यूपीएसचा लॉस, इमर्जन्सी लाइट, सिक्युरिटी, सगळं धरून 130 च्या आसपास हिशोब लागत होता. बाकीचे 60 कुठले?

चिलरचा ग्राफ मोठा करून बघितला तर रात्रभर करवतीसारखे दाते, साधारण दर 40 मिनिटांनी एक. रिकाम्या बिल्डिंगमध्ये चिलर कुणासाठी उठतोय? त्या रात्री मी थांबलो, आम्ही दोघं मजल्यामजल्याने फिरलो आणि अकराव्या मजल्यावर एएचयू रूमचं दार उघडलं तर पंखा घोंघावतोय. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "सर, स्विच हँडवर आहे." स्टार्टर पॅनलवर ऑटो, ऑफ, हँड असा सिलेक्टर असतो ना, कधीतरी कुणीतरी गरम होतंय म्हणून तक्रार केली असणार, आमच्यातल्याच कुणीतरी तो हँडवर टाकला आणि परत फिरवायचा राहून गेला. बीएमएसला, म्हणजे बिल्डिंगची मशीन आपोआप चालू-बंद करणाऱ्या सिस्टीमला, वाटतंय एएचयू बंद केलाय, पण तो चालू. एएचयू चालू म्हणून थंड पाण्याचा पंप चालू, पंप चालू म्हणून पाणी तापलं की चिलर उठणार. एका स्विचपायी अख्खी साखळी जागी. असाच अजून एक चौथ्या मजल्यावर सापडला, शिवाय टॉयलेटचे एक्झॉस्ट आणि पँट्रीचे गीझर टायमरशिवाय रात्रभर चालू. बेसमेंटच्या पंख्यांना मात्र आम्ही हात लावला नाही, ते सीओ सेन्सरवर (कार्बन मोनॉक्साइड मोजणारे) चालतात, तिथे बचत बघायची नसते.

आता रात्रीचा लोड 135 आहे. 55 किलोवॉट गुणिले 108 तास म्हणजे आठवड्याला 5940 युनिट, आणि यासाठी एकही नवीन मशीन घेतलं नाही. मला बिलापेक्षा जास्त याचं वाईट वाटलं की ही वीज किती महिने कुणाच्याही उपयोगाला न येता जळत होती आणि आम्ही रोज त्याच पॅनलसमोरून जात होतो.

एएचयूच्या व्हीएफडीचा, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचा, अनुभव पण चांगला आहे. पंख्याचा वेग 80 टक्के केला तर पॉवर वेगाच्या घनाने कमी होते, कागदावर ती 51 टक्के येते. आमच्या मीटरवर 57 ते 60 दिसली, कारण डक्टमध्ये ठरावीक प्रेशर धरून ठेवावं लागतं आणि ड्राइव्हचा स्वतःचाही लॉस असतो. तरी सबमीटर असल्यामुळे हे आम्ही मोजून सांगू शकलो, नाहीतर एवढी बचत होते असं नुसतं ऐकूनच होतो.

न आवडलेलं सांगायचं तर अलर्ट. सुरुवातीला दिवसाला शंभरेक यायचे आणि चौथ्या दिवसापासून कुणी बघेना. आता पाचच ठेवलेत, त्यात रात्रीचा लोड 150 च्या वर गेला की येणारा पहिला. आणि ती पहिल्या पानावरची 'बचत' चौकट तर काढूनच टाकली, ती हा महिना आणि मागचा महिना सरळ वजा करते. गेला महिना गरम, हा थंड, एसी कमी चालला, याला बचत म्हणायचं का? डिग्री डे, म्हणजे त्या काळात हवा किती गरम होती याचा आकडा, धरून तुलना केल्याशिवाय एसी असलेल्या बिल्डिंगचा कुठलाही आकडा मी आता वर पाठवत नाही.

रिपोर्टिंगकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि गडबड तिथेच होते. वर्षाची एकूण ऊर्जा भागिले क्षेत्रफळ, म्हणजे ईयूआय, दिसायला सोपं गणित आहे. पण क्षेत्रफळात बेसमेंटचं पार्किंग धरलं की आकडा आपोआप सुंदर दिसायला लागतो. अमेरिकेच्या ईपीएचं (तिकडची पर्यावरण संस्था) एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर हे टूल फुकट आहे, त्यात पार्किंग बिल्डिंगच्या क्षेत्रफळात धरायचंच नाही असा नियम आहे, आम्ही तोच पाळतो. त्यातला 1 ते 100 चा स्कोअर तिकडच्या बिल्डिंगांशी तुलना करून निघतो, त्यामुळे तो बाकीच्यांनी जपूनच वापरावा, पण माहिती कशी भरायची याची शिस्त शिकायला टूल उत्तम आहे. डीजीचं पण तसंच, सबमीटर सांगतो जनरेटरने किती युनिट दिले, पण एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिटएवढी ऊर्जा असते आणि हातात येतात त्यातले तीन-साडेतीन, तेव्हा रिपोर्टमध्ये लिटरवरून हिशोब धरायचा, नाहीतर दोन तृतीयांश ऊर्जा गायबच होते.

डेटा गेला की आमचं सॉफ्टवेअर मधली जागा सरळ रेषेने भरून टाकतं आणि तसं कुठे लिहीतही नाही. सुदैवाने मीटरमध्ये एकूण युनिटचं रजिस्टर चालूच राहतं, त्यामुळे लाइन दोन दिवस गेली तरी एकूण बेरीज चुकत नाही, फक्त कुठल्या तासाला किती ते जातं. म्हणून महिन्याच्या रिपोर्टला मी नेहमी रजिस्टरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग घेतो, आणि भरलेले तास वेगळ्या रंगात दाखवतो. बिलाची सायकल कॅलेंडरच्या महिन्याशी जुळत नाही, तेव्हा मीटर रीडिंगच्या तारखा पण लिहून ठेवतो.

सीटीची चूक सापडली तेव्हा पहिला मजलावार रिपोर्ट भाडेकरूंना जाऊन चुकला होता. सहाव्या मजल्याला निम्मा आकडा गेलेला, आणि हिशोबात न लागलेली वीज कॉमनमध्ये टाकून सगळ्यांच्या माथी मारलेली. मी मॅनेजमेंटला म्हटलं दुरुस्त करून परत पाठवूया. दोन दिवस चर्चा झाली, शेवटी पाठवला, चूक कुठे होती त्याच्या फोटोसकट. सहाव्या मजल्यावरचे नाराज झाले, साहजिक आहे, पण त्यानंतर बाकीच्या मजल्यांवरून आमचा ग्राफ आम्हाला पण बघू द्या अशी मागणी यायला लागली आणि आता सात मजल्यांना लॉगिन दिलंय.

पुढच्या शटडाऊनमध्ये चिलरच्या पाण्याच्या लाइनवर बीटीयू मीटर (थंडावा मोजणारा) बसतोय. सध्या चिलर किती वीज खातो तेवढंच दिसतं, थंडावा किती देतो ते दिसत नाही. तो बसला की किलोवॉट प्रति टन, म्हणजे एक टन थंडाव्याला किती वीज लागते ते, निघेल, आणि दोन चिलरपैकी पहिला कुठला चालवायचा यावरून आमच्यात गेले दोन महिने जो वाद चाललाय तो मिटेल.